झाकणाखालचं लोणी

गाडीच्या इंजिनवरचं तेलाचं झाकण मी फिरवून काढलं आणि माझा हात तिथंच थांबला. झाकणाच्या आतल्या बाजूला लोणी होतं. ताक घुसळल्यावर रवीला चिकटून राहतं तसं, पिवळट पांढरं आणि मऊ. मी बोट लावलं तर बोटाला आलं. वास तेलाचा होता, पण त्यात ओल आलेल्या बंद खोलीचाही वास होता.

सकाळचे साडेसहा वाजले असतील. इमारतीखाली कोणी नव्हतं. मी फडक्याला बोट पुसलं आणि वर आमच्या खिडकीकडे बघितलं. ते लोणी जणू मीच तिथं ठेवलं होतं आणि आता पकडली जाणार होते.

खांदेश्वरला राहायला येऊन आम्हाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. स्टेशन नवीन होतं, गाड्या नुकत्याच सुरू झालेल्या. आमचे हे रबाळ्याला औषधांच्या एका कंपनीत स्टोअरला होते. आधी ते दोन बस बदलून जायचे. त्या वर्षी होळीच्या सुमारास ह्यांनी जुनी गाडी विकत घेतली, पांढरी, छोटी, चार दारांची. आमच्या इमारतीत चारचाकी असलेलं ते दुसरंच घर. त्या दिवशी मी गाडीला हळद-कुंकू लावलं तेव्हा खाली सात-आठ बायका उभ्या होत्या आणि मला मान वर करून बघवेना. मी कऱ्हाडकडच्या एका खेड्यातली, शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत मी तोंड उघडत नाही. खालच्या बायका संध्याकाळी बाकड्यावर बसायच्या, मी पिशवी सांभाळत बाजूने निघून जायची.

गाडीचं मात्र मला भारी कौतुक होतं. ह्यांनी मला तेलाची काडी बघायला शिकवली होती. काडी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघायचं. "आपण चहा घ्यायच्या आधी गाडीला विचारायचं, बाई तुला काही हवंय का," असं हे म्हणायचे. ह्यांची सकाळी घाई असायची म्हणून ते काम मी घेतलं. कोणी उठायच्या आत खाली जायचं, बोनेटवर दोन तांबे पाणी ओतून गाडी पुसायची आणि काडी बघायची. झाकण मी कधी उघडलं नव्हतं. त्या दिवशी काडीवर तेल जरा खाली दिसलं, म्हणून डब्यातलं उरलेलं घालायला गेले, तर हे लोणी.

त्या तेलाच्या डब्याचंही सांगितलं पाहिजे. पावसाळा लागायच्या आधी आम्ही दोघं पनवेलला गेलो होतो. तेलाच्या दुकानदाराने ह्यांना विचारलं, "गाडी रोज किती चालते?"

"पन्नास किलोमीटर. हायवेलाच. रबाळ्याला जातो ना."

"आणि चालवता कशी? आरामात, की..."

"आरामात चालवून कंपनीत वेळेवर कसं पोचणार?"

"मग हे न्या. चाळीस नंबर. ट्रकवाले नेतात. लांबच्या पल्ल्याला, तापलेल्या इंजिनाला असं जाडच पाहिजे. पातळ तेल तिथं टिकत नाही."

मी मागे पिशवी धरून उभी होते. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. ट्रकवाले नेतात ते तेल आपल्याकडे चाललंय, असं.

ते लोणी मी पुसून टाकलं आणि कोणाला बोलले नाही. तीन दिवसांनी परत झाकण उघडलं. परत तेच, तेवढंच. मला वाटलं, मी रोज बोनेटवर पाणी ओतते, ते आत गेलं. तेलात पाणी घुसळलं की असंच पांढरं होणार, एवढं मला कळत होतं. म्हणजे गाडी मी बिघडवली.

दुसरी कुठली वेळ असती तर मी ह्यांना सांगून बोलणी खाल्ली असती. पण मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती आणि तिला तीन आठवडे राहिले होते. तिचं ब्लडप्रेशर वाढायचं, म्हणून डॉक्टरांनी वाशीच्या मोठ्या दवाखान्यात नाव घालायला लावलं होतं. तिच्या सासूबाईंच्या मनात तिला इकडे पाठवायचंच नव्हतं. ओटीभरणाच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुमचं ते गाव एका टोकाला. ऐनवेळी पोरीला न्यायचं कशात?"

हे म्हणाले, "गाडी दारात आहे. रोज त्याच रस्त्याने जातो मी. डोळे मिटून अर्ध्या तासात पोचवतो."

"डोळे उघडे ठेवून पोचवा म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले आणि मुलीला पाठवायचं ठरलं. त्या गाडीच्या भरवशावर ती आमच्याकडे आली होती. आणि त्याच गाडीच्या इंजिनात मी पाणी घातलं होतं.

मी चुन्याची एक रिकामी डबी धुऊन पुसून घेतली आणि झाकणावरचं लोणी त्यात भरलं. हे कामावर गेल्यावर मुलीला सांगितलं, भाजी घेऊन येते. आणि गॅरेजवर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एकटी अशा ठिकाणी गेले असेन. गॅरेज सेक्टरच्या कडेला, जिथं जुनं गाव लागतं तिथं होतं. मेस्त्री त्या गावचाच, साठीला आलेला. त्याची शेती होती तिथंच आता आमच्यासारख्यांच्या इमारती उभ्या होत्या. मी दारात उभी राहिले.

"काय हाय वयनी? गाडी कुठं हाय?"

मी नुसती डबी पुढे केली. त्याने उघडली, उजेडात धरली आणि हसला. "चुना समजून खाल्ला नाय ना कोनी?"

"गाडीच्या झाकणाला होतं," मी म्हटलं. "मी रोज पाणी ओतते वरून. ते गेलं का आत?"

"काडीवर पन असाच सफेद हाय?"

"नाही. काडीवर काळं असतं."

"पुढच्या टाकीतला पानी कमी होतंय?"

"नाही. ते पण मी बघते."

"मंग पानी नाय गेला. बोनेटवर तुमी दर्या ओता, आत जात नाय." त्याने डबी बंद करून मला परत दिली. माझ्या जिवात जीव आला. मी निघणार, तर तो म्हणाला, "भातावर झाकन ठेवता ना, त्याला आतून पानी धरतं? तसाच हाय हा. इंजिनात वाफ धरते. गाडी चांगली तापली की ती वाफ उडून जाते. तापायच्या आत बंद केली की झाकनाला बसते, तेलात घुसळते, त्याचा हा लोनी. पावसात जास्ती. गाडी कुठं जाते तुमची, बाजारापरत?"

"रबाळ्याला जाते. रोज पन्नास किलोमीटर."

"कोन बोलला?"

"हे."

तो हातातला पाना पुसत राहिला. मग विचारलं, "तेल कंचा हाय?"

"चाळीस नंबर. जाड."

"अरे देवा. वयनी, ही गाडी जाते स्टेशनापरत आनि तेल घातलाय नाशिकच्या ट्रकचा. हा जाड तेल सकाळी थंड असताना मधासारखा असतो. तो वर चढून पातळ व्हायच्या आत तुमची गाडी बंद."

"पण ती रबाळ्याला..."

"रबाळ्याला जानाऱ्या गाडीला हा लोनी येत नाय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "काट्याच्या खाली आकडा फिरतो, तो बघा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आनि सायबांना इकडं पाठवा. भांडू नका घरात, पोर बाळंतपनाला आलीय ना."

त्याला कसं माहीत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मी भाजी न घेताच घरी आले.

आकडे मला वाचता येतात. स्वयंपाकघरात दुधाचं कॅलेंडर होतं, त्यावर मी रोजचं दूध लिहायची. संध्याकाळी हे आल्यावर चावी खुंटीला लागली, ती घेऊन मी गाडीत राहिलेली पिशवी आणायच्या निमित्ताने खाली गेले आणि आकडा बघून आले. दुधाच्या खाली बारीक अक्षरात लिहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत बघितला. वजाबाकी केली. चार आले. मला वाटलं हातचा चुकला. परत केली, चारच. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार.

रबाळं किती लांब आहे ते मला नक्की ठाऊक नव्हतं. पण चार किलोमीटरमध्ये जाऊन परत येण्याएवढं जवळ नाही, हे कोणालाही कळेल. मी कॅलेंडरसमोर उभी होते आणि मागून मुलगी म्हणाली, "आई, दूध उतू गेलं." तोवर अर्धं पातेलं ओट्यावर होतं.

त्या रात्री काय काय मनात आलं ते लिहायची लाज वाटते. नोकरी गेली असेल का? पण पगार वेळेवर येत होता, आणि ह्यांच्या शर्टाला औषधाचा वास तसाच येत होता, वीस वर्षं मी तो शर्ट धुतेय. म्हणजे कंपनीत जातात. मग गाडी कुठं जाते? आणि दोन किलोमीटरवर असं कोण राहतं, ज्याच्या दारात माणूस दिवसभर गाडी लावून ठेवतो? असंही आलं मनात. बाजूला हे घोरत होते आणि मला ते अनोळखी माणसासारखे वाटले.

सकाळी हे गेल्यावर तासाभराने मी निघाले. कुठं जायचं माहीत नव्हतं. मेस्त्री स्टेशन म्हणाला होता, म्हणून स्टेशनकडे चालत राहिले. स्टेशनच्या मागच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं स्कुटरी लावायचे. त्यांच्या पलीकडे, गुलमोहराखाली, एक गाडी झाकून ठेवली होती. चादरीला निळी फुलं होती आणि टपावर ती उडू नये म्हणून दोन विटा. ती चादर माझी होती. आमच्या लग्नातली. दोन महिने मी ती शोधत होते आणि मनातल्या मनात धुणंवालीवर संशय घेत होते.

मी चादरीचं टोक उचलून नंबर बघितला. मग सोडून दिलं. कितीतरी वेळ तिथंच उभी होते. गाडी इथं, आणि माणूस? माणूस इतरांसारखा ट्रेनने गेला असणार. वाशीपर्यंत ट्रेन, पुढे कंपनीची बस. त्यात लपवायचं काय, तेच मला कळेना, आणि कळेना म्हणून जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळी सहाला मी परत गेले आणि गाडीशेजारच्या कठड्यावर बसले. उजेड होता. ट्रेन आली, माणसं जिन्यावरून उतरली आणि त्यात हे दिसले, हातात डब्याची पिशवी, आरामात चालत. मला बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले.

"तू इथं? पोरगी?"

"बरी आहे. घरी आहे."

एवढा विचार करून आले होते आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ही चादर मी दोन महिने शोधतेय," मी म्हटलं.

ह्यांनी विटा खाली ठेवल्या, चादर काढून घडी घातली, चार कोपरे जुळवून, अगदी नीट. घरी कधी घडी घालत नाहीत. मग गाडीचं दार उघडून म्हणाले, "बस आत."

आम्ही दोघं गाडीत बसलो. त्यांनी चावी लावली नाही.

"गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात," ते म्हणाले, "कळंबोलीला. लोखंडाचा बाजार आहे ना तिथं, ट्रेलर असतात. एक माझ्या पुढे होता. मागे ही लांब सळया बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. त्याने एकदम ब्रेक मारला. मीही मारला. गाडी घसरत गेली गं. थांबली तेव्हा ते लाल फडकं काचेला टेकलं होतं. इथं." त्यांनी स्वतःच्या नाकासमोर हात धरला. "वितभर पुढे गेलो असतो तर."

"लागलं का कुठं?"

"कुठं लागलं? गाडीला ओरखडा नाही. पण माझा पाय ब्रेकवरून निघेना. मागून सगळे हॉर्न मारतायत. एक मुलगा उतरून आला, म्हणाला, काका, बाजूला घ्या ना. मी म्हटलं, तूच घे बाबा. त्याने गाडी बाजूला घेतली. मी तासभर तिथं बसलो आणि आतल्या रस्त्याने परत आलो. त्या दिवशी कंपनीत गेलोच नाही. तुला म्हणालो, गाडी मस्त पळते."

मला ते आठवत होतं. मी त्या दिवशी शिरा केला होता.

"मग तेलवाल्याला पन्नास किलोमीटर कशाला सांगितलंत?"

"तू बाजूला उभी होतीस."

माझ्या लक्षात आलं की ते खोटं दुकानदारासाठी नव्हतंच. माझ्यासाठी होतं. मी कोणाशी बोलत नाही, कुठं जात नाही, मला खरं सांगायला ह्यांना कसली भीती होती, हे मला आजही नीट समजलेलं नाही.

"आणि पोरीच्या सासूला?"

"तोंडातून गेलं. मग मागे घेता येईना. रोज ठरवतो, उद्या हायवेला घालायची. चौकापर्यंत जातो आणि स्टेशनकडे वळतो."

मुलीला अडीच आठवडे राहिले होते. मी पिशवीतून चुन्याची डबी काढून ह्यांच्या हातात दिली. "ह्याने सांगितलं मला," मी म्हटलं. ह्यांनी डबी उघडली, बोट लावलं, वास घेतला. सगळं अगदी मी केलं होतं तसंच. मग म्हणाले, "मेलं, तेलसुद्धा चुगली करतं."

शनिवारी आम्ही दोघं गॅरेजवर गेलो. मेस्त्रीने मला ओळख दाखवली नाही, त्याचे मी मनात आभार मानले. त्याने ह्यांनाच विचारलं, "सायब, गाडी चालवता कशी? डॉक्टरला आनि मला खरा सांगायचा. त्यावर तेल ठरतो. कोनाची गाडी दिवसभर पळते, कोनाची ओझा ओढते, कोनाची नुसती इथून तिथं. सगल्यांना एकच तेल देनारा मेस्त्री चोर समजायचा."

"तशी रोज पन्..." ह्यांनी सुरू केलं.

"चार," मी मागून म्हटलं. "रोज चार किलोमीटर. मध्ये दिवसभर थंड उभी असते."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचे कान मात्र लाल झाले. मग ते म्हणाले, "हो. चार."

मेस्त्रीने दोन डबे पुढे ठेवले. एक आमच्यासारखाच, चाळीस नंबरचा. दुसऱ्यावर वीस आणि चाळीस असे दोन आकडे होते. "हा घ्या. सकाळी थंड असताना हा विसासारखा पातळ ऱ्हातो, लगेच सगलीकडं चढतो. तापला की चाळिसासारखा वागतो. उद्या लांब गेलात तरी चालेल, नाय गेलात तरी चालेल." त्याने खालचं बूच काढलं आणि जुनं तेल परातीसारख्या डब्यात पडायला लागलं. काळं, आणि मध्येच एक फिकट धागा यायचा. आम्ही दोघं ते बघत होतो. "आनि किलोमीटर मोजून नाय बदलायचा," तो म्हणाला. "अशा गाडीचा तेल महिने मोजून बदलायचा. चालली नाय तरी तो खराब होतो. पन खरा औषध एकच. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी तापवा. हायवेला घाला."

ह्यांनी खाली बघितलं. मी म्हटलं, "उद्या घालतो."

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. मुलीला वाटलं खांदेश्वराच्या देवळात चाललोय. कळंबोलीच्या चौकात आल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून बसले. कपाळावर घाम. मी म्हटलं, "मागे ट्रक आहे."

"तू बोलू नकोस गं. ट्रक आहे हे मला दिसतं. डावीकडचं दिसत नाही, त्या बाजूला आरसाच नाही."

"मग डावीकडचं मी सांगते."

तेवढंच आमचं ठरलं. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघायची आणि डावीकडे काही नसलं की म्हणायची, "मोकळं." काही असलं की गप्प बसायची. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्या रविवारी आम्ही कामोठ्यापर्यंत गेलो. मंगळवारी ह्यांनी सकाळी लवकर उठवलं, बेलापूरपर्यंत गेलो. पुढच्या रविवारी वाशीला दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि आत न जाता परत आलो. काटा चाळीसच्या वर गेला नाही. टँकरवाले शिव्या देऊन पुढे जायचे. हे म्हणायचे, "देऊ दे. त्यांना घाई आहे." घरी आल्यावर ह्यांचा शर्ट पिळून काढावा लागायचा.

तारीख जवळ आली तशी ह्यांनी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला मुलीला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला धरून खाली आणलं. तळमजल्यावरच्या काकूंनी गाडीचं दार धरलं, तिच्या पाठीमागे उशी लावली आणि ह्यांना म्हणाल्या, "भाऊजी, आज स्टेशनच्या पुढं जायचंय हं. सवयीने तिकडं वळाल."

बाकड्यावरच्या बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत. मी मागे मुलीजवळ बसणार होते, ती कळ ओसरल्यावर म्हणाली, "आई, तू पुढे बस. तुला डावीकडचं बघायचंय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"काकूंनी. सगळ्यांनाच माहीत आहे. रोज स्टेशनवर जाताना बघतात बाबांची गाडी." मग माझ्याकडे बघून ती थांबली. "तुला माहीत नव्हतं? त्यांना वाटतंय तू बाबांचा मान ठेवतेस."

गुढीपाडव्यापासून अख्ख्या इमारतीला माहीत होतं. मेस्त्रीलाही. संध्याकाळी त्या बाकड्यावर मी एकदा जरी दोन मिनिटं टेकले असते, तरी कोणीतरी सहज बोलून गेलं असतं. मी बाजूने निघून जात होते आणि त्या मला मोठ्या मनाची समजत होत्या. मुलीच्या कळा, पुढचा हायवे, आणि हे असं सगळं. त्या क्षणी कशाचा जास्त धक्का बसला ते सांगता येणार नाही. काकू मागे मुलीजवळ बसल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्या आपणहून बसल्या.

कळंबोलीला एक ट्रेलर पुढे आला. सळया बाहेर, टोकाला लाल फडकं. मी ते बघितलं आणि ह्यांनीही. मुलगी मागे ओठ दाबून कण्हत होती. ह्यांनी वेग कमी केला. फडकं लांब राहिलं, वाऱ्यावर उडत होतं. मला वाटलं आता हे कडेला घेणार आणि थांबणार.

"डावीकडं?" ह्यांनी विचारलं.

मी मान बाहेर काढली. "मोकळं."

गाडी डावीकडे सरकली आणि उजवीकडे वळायला थांबलेला ट्रेलर आमच्या बाजूने मागे गेला. चाकं ह्यांच्या डोक्याएवढ्या उंचीवर होती. काकू मागून म्हणाल्या, "अहो, बैलगाडीसुद्धा एवढी हळू जात नाही." पुढे पूर्ण रस्ता आम्ही तेवढेच दोन शब्द बोललो. डावीकडं? मोकळं.

मुलगी झाली, दुपारी तीनला. दोघी सुखरूप. नर्सने ते सांगितल्यावर हे बाहेर गाडीकडे गेले, मी मागोमाग गेले. त्यांनी बोनेट उघडलं. तापलेल्या तेलाचा वास अजून येत होता. झाकण अजून कोमट होतं, मी पदर धरून ते फिरवलं आणि उलटं केलं. आतून नुसतं तेल होतं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं. आम्ही दोघांनी ते बघितलं. ह्यांनी झाकण माझ्या हातून घेऊन परत लावलं, आणि नीट बसलं का ते दोनदा बघितलं.

पाचच्या सुमारास मुलीच्या सासूबाई आल्या. नात बघितली, दृष्ट काढली, मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणाला होतात तसं अर्ध्या तासात आणलंत ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूलाच उभी होते.

"तास लागला," हे म्हणाले. "मला हायवेची भीती वाटते. ही डावीकडचं बघत होती."

सासूबाईंनी नातीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "जाताना मला ट्रेनला बसवा." आणि हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत ह्यांनी चार माणसांत असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि माझी मूठ अजून पदरात झाकण धरल्यासारखी मिटलेली होती.